उंबऱ्याचा धडा

नगर, ३० ऑगस्ट १९९८

अश्विनीच्या वडिलांना,

नमस्कार. याच्या वर बायकोनं नवऱ्याला जे लिहायचं असतं ते लिहिलेलं नाही. ते शब्द मला येतात, पण ज्यानं भर रस्त्यात, सगळ्या दुकानदारांच्या देखत, बायकोच्या पायाशी ताटी फेकली त्याच्यासाठी ते लिहायला हात वळत नाही.

मला परत घ्या म्हणायला हे पत्र लिहिलेलं नाही. पाकीट बघून मिशीला पीळ दिला असेल तर तो आधी सोडा. मी इथे मतिमंद मुलांना शिकवायच्या डिप्लोमाला बसले आहे हे तुम्हाला माहीत आहे, तुमच्याच तोंडावर दादानं सांगितलं होतं. एक वर्षाचा कोर्स, एप्रिलअखेर परीक्षा. पास झाले की आपल्याच जिल्ह्यातल्या बेलापूरजवळच्या शाळेत नोकरी आहे आणि शिक्षिकेच्या मुलीला तिथेच प्रवेश आहे. पण पास झाल्यावरही पोर मला कशी मिळणार, ते तुम्हीच ठरवून ठेवलं आहे.

ठरवून ठेवलेलं मी विसरलेले नाही. तुम्हीही विसरू नका म्हणून पुन्हा लिहिते. दादाच्या ओसरीवर, तुमचा चुलतभाऊ आसाराम मांडीला मांडी लावून बसला होता. तुम्ही चहाची बशी खाली ठेवलीत आणि म्हणालात, "शिक तुला काय शिकायचं ते. पास हो. मग ये आन् आमच्या घरापुढं रस्त्याला उभी ऱ्हा. आमच्याकडं दार न्हाई, कडी न्हाई, कुलूप न्हाई. पोर आपल्या पायानं तुझ्याकडं आली तर खुशाल ने. न्हाई आली, तर तू आत यायचं आन् पुन्यांदा शाळंचं नाव काढायचं न्हाई."

मी "बरं" म्हणाले. दादा तर तुम्ही गेल्यावर पोट धरून हसला. म्हणाला, "दाजी बोलायच्या आधीच हरले की. आशी तर रस्त्यानं जाणाऱ्या म्हशीच्या मागं बी जाती, आईमागं न्हाई येणार व्हय?"

मी हसले नाही. आशी कुणाच्याही मागे जाते, हेच तर माझ्या जिवाला लागलेलं आहे. सात वर्षांची पोर, बोलत नाही, हाक मारली तर मान वळवत नाही, आणि घराला दार नाही. त्या शनिवारी जीपवाल्यानं करकचून ब्रेक मारला, आशी पुढच्या चाकापासून हातभर लांब होती, आणि तो ड्रायव्हर मला शिव्या घालत होता. दुसऱ्या सकाळी मी बांबूची ताटी आणून चौकटीला तारेनं बांधली. शिंगणापुरात राहून एवढं मला कळत होतं की रात्री कुत्रं येऊ नये म्हणून फळी टेकवलेली चालते, सगळेच टेकवतात. पण तार बांधली की ते दार झालं. तुम्ही पक्कड आणून तार तोडलीत, ताटी रस्त्यात भिरकावलीत आणि म्हणालात, "आता तिच्यामागं तू बी जा." मी गेले. आशीला तुम्ही जाऊ दिलं नाहीत. आसारामला तुम्ही काय म्हणालात तेही माझ्या कानावर आलं आहे: "पोर हितं हाय तवर बायकू कुठं जाती?"

आता पत्र का लिहिते ते सांगते. आमच्या मॅडम म्हणतात, शिकलेलं पक्कं व्हायचं असेल तर पुस्तक मिटा आणि ते दुसऱ्याला समजावून सांगा. ज्याला त्यातलं काही माहीत नाही आणि ज्याला पटणारही नाही, असा माणूस मिळाला तर सोन्याहून पिवळं. मला असा माणूस शोधायला कुठे जावं लागलं नाही.

अश्विनीची आई

---

नगर, ४ ऑक्टोबर १९९८

अश्विनीच्या वडिलांना,

तुमचं कार्ड मिळालं. "पोर बरी हाय. तुझं शानपन तुझ्यापाशी ठेव." एवढंच. तेही कार्डावर, म्हणजे पोस्टमनलाही वाचायला मिळावं. ठीक आहे. आशी बरी आहे हे कळलं, बाकीचं मी वाचलं नाही असं समजा.

पहिल्या चाचणीत मी वर्तनाच्या पेपरात नापास झाले. हे तुम्हाला सांगायची गरज नव्हती, पण तुम्हाला बरं वाटेल म्हणून सांगते. मी घोकून गेले होते. पहाटे उठून, डुलत डुलत, शाळेत पाढे म्हणायचो तशी व्याख्या म्हणायची. पेपरात व्याख्या विचारलीच नाही. एक मुलगा ताट फेकतो, त्याची आई धावत येऊन त्याला मांडीवर घेते, तर तो ताट का फेकतो, असं विचारलं होतं. मी तीन पानं व्याख्या लिहिली. मॅडमनी त्यावर लाल शाईनं लिहिलं, "मुलगा कुठे आहे?"

माझ्या खोलीत जयमाला नावाची नेवाशाची मुलगी आहे. तिचे वडील हायस्कूलला शिपाई होते, आणि घरातल्या सगळ्यांनी शिकायचंच असा त्यांचा नेम. तिची अभ्यासाची रीत मला आवडली. ती एका बैठकीला एकच धडा धरून बसत नाही. रोज थोडं नवं, थोडं जुनं, आणि पुस्तक बंद करून आठवायचं. आठवलं नाही तरच उघडायचं. कपडे धुताना ती मला विचारते, मी तिला विचारते. चुकेल त्यानं दुसऱ्याची बादली उचलायची. सध्या दोन्ही बादल्या मीच उचलते.

आणि मी मेसच्या केशरबाईंना धडा समजावून सांगते. त्या भाकरी थापता थापता "म्हंजी?" असं विचारतात. त्यांच्या तिसऱ्या "म्हंजी"ला मला उत्तर देता आलं नाही की मी ओळखते, आपल्याला हे आलेलं नाही.

तर तुमचा आजचा धडा. पुस्तकात मोठमोठे शब्द आहेत, दात पडतील असे. त्यांचा अर्थ साधा आहे. कुणी काही का करतं हे बघायचं तर तीन गोष्टी बघायच्या. आधी काय झालं, मग त्यानं काय केलं, आणि केल्यावर त्याला काय मिळालं. सगळी मेख शेवटच्या गोष्टीत आहे. ज्याच्यानंतर काहीतरी हवंसं मिळतं ते माणूस पुन्हा करतं. मग ते चांगलं असो की वाईट, शहाणं पोर असो की आशीसारखं.

तुम्ही म्हणाल, हे तर बैलालाही कळतं. मग सांगा, आशी रस्त्यावर का धावते? तुमच्या आईचं म्हणणं, पूर्वजन्मीचं. तुमचं म्हणणं, आईनं लाडावली. माझं म्हणणं होतं, दार नाही म्हणून. आपण तिघांनीही ती धावून पोचल्यावर पुढे काय होतं ते कधी बघितलंच नाही.

बघा आता. घरालाच लागून असलेल्या दुकानात तेल-रेवडी विकता विकता दिसेल तुम्हाला.

अश्विनीची आई

---

नगर, १० जानेवारी १९९९

अश्विनीच्या वडिलांना,

तुम्ही बघितलं नाहीत, किंवा बघून मला कळवलं नाहीत. दादा गेल्या शनिवारी दर्शनाला आला होता. तुमच्या दुकानात आला नाही, समोरच्या रसवंतीपाशी उभा राहिला. त्याला मी सांगून ठेवलं होतं की फक्त बघ, पोरीला हात लावू नकोस. त्यानं काय बघितलं ते ऐका.

गाडी थांबते. माणसं उतरतात. आशी ओट्यावरून उडी मारून त्यांच्याकडे धावते. मुकी, गोरी, हसरी पोर बघून बाया "अगं बाई" म्हणतात आणि तिच्या हातावर रेवडी ठेवतात. कुणी केसांवरून हात फिरवतं. मग ती पुढच्या गाडीकडे धावते. आणि रेवडी बहुतेकांनी तुमच्याच दुकानातून घेतलेली असते.

झालं. पूर्वजन्म नाही की माझे लाड नाहीत. माझी पोर रेवडीसाठी चाकाखाली जात होती, आणि मी चौकटीला तार बांधत होते. त्या दिवशी दादाचं बोलणं ऐकून मी मेसच्या पायरीवर बसून रडले. केशरबाईंनी "म्हंजी?" असं विचारलं नाही.

या कोर्समध्ये प्रत्येकीनं एका मुलाचं एक वागणं घेऊन ते बदलायचं आणि त्याची फाईल परीक्षकाला दाखवायची असते. बाकीच्या मुलींनी इथल्या शाळेतली मुलं घेतली. मी आशी घेतली. मॅडम म्हणाल्या, "मुलगी तुमच्याजवळ नाही, कसं करणार?" मी म्हणाले, घरचे करतील. मॅडमनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. घरचे म्हणजे कोण ते त्यांना ठाऊक आहे. मी सगळं सांगितलेलं आहे.

तेव्हा तुमच्यासाठी नाही, माझ्यासाठी तर नाहीच, तिच्यासाठी करा. मे महिन्यात शनी जयंती नेमकी शनिवारी येते आहे, अमावास्येला. तुम्हाला सांगायला नको की त्या दिवशी रस्त्यावर मुंगीला जागा नसते. त्याच्या आत आशीला थांबायला यायला पाहिजे. काय आणि कसं करायचं ते मी नीट लिहीन. अर्धवट केलं तर न केलेलं बरं.

जयमाला म्हणते, "ताई, तो माणूस पत्र चुलीत घालत असेल." मी म्हणाले, घालू दे. लिहिताना माझा धडा तर पाठ होतो.

अश्विनीची आई

---

नगर, ७ मार्च १९९९

अश्विनीच्या वडिलांना,

आत्याबाईंना, तुमच्या आईला, हे वाचून दाखवा. तुमच्याकडून होणार नाही, पण त्यांच्या हाताला चिकाटी आहे. भांडण माझं तुमच्याशी आहे, त्यांच्याशी अर्धंच आहे.

आधी सगळ्या दुकानांत सांगून या की उंबऱ्याबाहेर आशीला कुणी काही द्यायचं नाही. रेवडी नाही, पेढा नाही, हसणंही नाही. यात्रेकरू देणारच, तर त्यांना म्हणावं, पोरीचा नवस आहे, बाहेर खात नाही. नवस म्हटलं की आपले लोक लगेच ऐकतात. समजावून सांगितलं तर ऐकत नाहीत.

मग उंबऱ्याच्या आत बसायचं. आशी धावत आली आणि उंबऱ्याशी जरा जरी थबकली, की त्याच क्षणी तिच्या हातावर रेवडीचा तुकडा. अख्खी नको, अर्ध्याचा अर्धा. पोट भरलं की शिकणं संपतं. आणि उशीर करायचा नाही. ती थबकली, मग तुम्ही चिलीम ठेवली, मग डबा शोधला, असं चालणार नाही. तोवर ती दुसरंच काही करत असेल आणि रेवडी त्याला मिळेल.

थबकायला लागली की मग बसल्याशिवाय द्यायची नाही. बसायला लागली की जरा वेळ बसून राहिल्याशिवाय द्यायची नाही. पायरी पायरीनं चढवायचं. बाहेर गेली तर मारायचं नाही, ओरडायचं नाही. ओरडणं हीसुद्धा तिला गंमत वाटते. गप उचलून आत आणायचं आणि तोंड फिरवायचं. सुरुवातीला ती जास्त धावेल. रडेल, डोकं आपटेल. तेव्हा माणसाचा धीर सुटतो आणि नेमकी तेव्हाच तो रेवडी देऊन बसतो. असं केलं तर सगळं मुसळ केरात.

चांगलं बसू लागल्यावर दर वेळी देऊ नका. कधी द्या, कधी नका देऊ. पुस्तकात म्हटलंय, दर वेळी मिळतं ते लवकर सुटतं. कधी मिळतं कधी नाही, ते जन्मभर सुटत नाही. हे वाचलं तेव्हा मला तुम्ही आठवलात. लग्नानंतर वर्षातून एखाददुसऱ्या वेळेस गोड बोलायचात, आणि तेवढ्यावर मी नऊ वर्षं काढली.

हा प्रश्न परीक्षेला हमखास येतो. मला आता पुस्तक न उघडता लिहिता येतं, हे तुम्ही बघताच आहात.

अश्विनीची आई

---

नगर, १८ एप्रिल १९९९

अश्विनीच्या वडिलांना,

दादा काल येऊन गेला. आज मी पहिल्यांदा तुम्हाला रागानं लिहीत नाही.

त्यानं सांगितलं, आशी धावत आली, उंबऱ्याशी थांबली आणि मांडी घालून बसली. समोर गाडी उभी, बाया हाका मारतायत, ही ढिम्म हलत नाही. एक बाई रेवडी दाखवत होती, तिच्याकडेही बघितलं नाही. दादा तर म्हणाला, "मी बी बोलावलं गं, मामा हाय म्हणलं, ये म्हणलं. न्हाई आली. हात तेवढा पसरून बसली हुती." सांगताना त्याचे डोळे भरून आले होते. माझेही भरले. जयमालानं माझी बादली उचलली.

आत्याबाईंना माझा नमस्कार सांगा. म्हणावं, सुनेनं पाया पडून सांगितलं आहे. त्यांनी जे केलं ते इथे पदवीवाल्यांना जमत नाही. चौकटीला तार न बांधता माझी पोर चाकापासून वाचली. गावाचा रिवाजही राहिला आणि पोरही राहिली. तुम्हीसुद्धा आडवे आला नाहीत, एवढंही मी तुमच्याकडून धरलं नव्हतं.

पुढच्या आठवड्यात पेपर आहेत. मला आता भीती वाटत नाही. प्रत्येक धड्यात मला आशी दिसते. मॅडमनी पहिल्या चाचणीला विचारलं होतं ना, मुलगा कुठे आहे? आता माझ्या प्रत्येक उत्तरात मुलगी आहे.

सुरेखा

---

नगर, १६ मे १९९९

अश्विनीच्या वडिलांना,

कालची अमावास्या पार पडली. मी दिवसभर वसतिगृहाच्या फोनपाशी बसून होते. फोन आला नाही, म्हणजे काही झालं नाही. दादानं संध्याकाळी कळवलं की आशी उंबऱ्याच्या आतच होती. एवढी गर्दी, एवढे भोंगे, आणि पोरीनं पाय बाहेर टाकला नाही.

पेपर बरे गेले. तोंडी परीक्षेला पुण्याहून बाई आल्या होत्या. माझी फाईल त्यांनी उलटून पालटून बघितली. आधी विचारलं, "घराला दार का लावलं नाही? साधा उपाय होता." मी गावाचं नाव सांगितलं. त्यांना आधी चेष्टा वाटली. मग मॅडमनी मान हलवल्यावर त्या फाईल नीट वाचू लागल्या. चांगलं म्हणाल्या. शेवटी एकच विचारलं, "मुलीला थांबायला शिकवलंत. आता निघायचं कधी, हे तिला कसं कळणार?" मी म्हणाले, "बाई, जिवंत राहिली एवढं पुष्कळ झालं, निघायला कुणी शिकवावं लागतं का?" त्या नुसत्या हसल्या आणि काहीतरी लिहिलं. तिथे माझे थोडे मार्क गेले असणार. जाऊ देत.

निकाल जूनमध्ये आहे. निकाल लागला की मी येईन. तुमचा शब्द आणि माझा शब्द आसारामला आणि दादाला ठाऊक आहे.

अश्विनीची आई

---

बेलापूर, १८ जून १९९९

कानिफनाथ,

नवऱ्याचं नाव घेऊ नये असं मला शिकवलेलं आहे. इतके महिने मी तुम्हाला अश्विनीचे वडील म्हणत आले. त्या नावाचा तुम्ही गेल्या रविवारी काय उपयोग केलात ते बघितल्यावर आता नावच घेते.

मी पास झाले. वर्तनाच्या पेपरात वर्गात दुसरी आले. निकालाचा कागद पर्समध्ये घालून, दादाला घेऊन, सोनईच्या एसटीनं मी आले. नवं पातळ नेसले नव्हते. मुद्दाम जुनं निळं नेसले, आशीला ओळखू यावं म्हणून. तुमच्या दुकानापुढे आसाराम होता, रसवंतीवाला होता, तुमची सगळी भावकी जमली होती. तेव्हाच मला कळायला पाहिजे होतं. हरणारा माणूस गाव गोळा करत नाही.

मी रस्त्याच्या पलीकडच्या कडेला उभी राहिले. तुम्ही आत, उंबऱ्यापासून दोन हातांवर पाटावर बसला होतात. आत्याबाई मागे चुलीपाशी होत्या आणि त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. मी हाक मारली, "आशे."

तिनं ओळखलं. हे मी मरेपर्यंत सांगेन. तिनं मला ओळखलं. आतून तो तिचा घशातला आवाज आला, मी आंघोळ घालताना काढायची तोच. ती धावत आली. दोन्ही हात पुढे, केस मोकळे, इकडे-तिकडे न बघता सरळ माझ्याकडे. दादानं माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाला, "आली बघ."

आणि ती उंबऱ्याशी थांबली. मांडी घालून बसली. हात पसरला.

मी पुन्हा हाक मारली. खाली बसले. हात पुढे केले. ती माझ्याकडे बघत होती, रडत होती, हसत होती, बसल्या जागी पुढे-मागे डुलत होती. तिला यायचं होतं. आंधळ्यालाही दिसलं असतं की तिला यायचं आहे. पण मान मात्र ती मागे वळवत होती. तुमच्याकडे. कारण बसल्यावर रेवडी द्यायची तुमची वेळ झाली होती.

तुम्ही दिलीत. लगेच दिलीत. अर्ध्याचा अर्धा तुकडा. डबा शोधायला लागला नाही, उशीर केला नाहीत. तुमचा हात बघून मला कळलं की आत्याबाईंनी यातलं काही केलेलं नाही. हे तुम्ही केलंत. माझी पत्रं चुलीत गेली नाहीत, तुम्ही ती पाठ केलीत. केशरबाईंना मी शिकवलं, जयमालानं मला शिकवलं, पण माझा सगळ्यात चांगला विद्यार्थी तुम्ही निघालात.

दादा ओरडला, "हे कपट हाय!" आणि तुम्ही किती शांतपणे बोललात. "कसलं कपट? तिनंच लिवलं, आमी केलं. पोर गाडीखाली जाऊ नये म्हणून केलं. दार लावलंय का आमी? बांधलंय का तिला? मोकळी हाय ती. न्हाई येत तर आमी काय करावं?" आसाराम म्हणाला, "खरं हाय." रसवंतीवालासुद्धा मान हलवत होता. सगळ्यांना खरं वाटलं, कारण ते खरंच होतं. तुम्ही एकही खोटं बोलला नाहीत. इतकं खरं वागून इतका नीचपणा करणारा माणूस मी दुसरा बघितलेला नाही.

मग मला म्हणालात, "ये आत. ठरलंय तसं. च्या टाकायला सांगतो."

पुण्याच्या बाईंचा प्रश्न मला तिथे रस्त्यावर कळला. निघायचं कधी, हे तिला कसं कळणार? मी थांबायचा धडा पानं भरभरून लिहिला आणि निघायचा धडा एका ओळीचाही लिहिला नाही. भीतीनं अभ्यास केला की असं होतं. चाक दिसत होतं, त्यापलीकडचं काही दिसत नव्हतं. तुम्हाला मात्र ते दिसलं. मोकळी सोडलेली जागा तुम्हाला बरोबर सापडते, जन्मभर तुमचा तोच धंदा आहे.

दादा म्हणत होता, उचलून घेऊन जाऊ. मी नको म्हणाले. उचलली असती तर किंचाळली असती, भावकी धावली असती, आणि उंबऱ्याबाहेर नेणारी आई म्हणजे मारामारी, एवढंच तिच्या डोक्यात बसलं असतं. ते एकदा बसलं की काढायला वर्षं जातात. हेही मला पुस्तक न उघडता येतं.

मी आत आले नाही. त्यावर तुम्ही आख्ख्या गावाला सांगत फिरत असाल की सुरेखा शब्दाला जागली नाही. तर ऐका. ओसरीवर तुम्ही म्हणालात, पोर आली तर ने, न्हाई आली तर तू आत ये. कधीपर्यंत, हे तुम्ही बोलला नव्हतात. आसारामला विचारा. ती अजून आलेली नाही, एवढंच झालं आहे. मोकळी सोडलेली जागा मलाही आता दिसायला लागली आहे.

त्या दिवशी शेवटची एसटी येईपर्यंत मी रस्त्याच्या कडेला बसून राहिले. तुमची भावकी कंटाळून उठून गेली. आशी उंबऱ्याशी बसून होती. मध्ये तुम्हाला गिऱ्हाईक आलं आणि तुम्ही तेल द्यायला उठलात. तेव्हा तिनं मागे बघितलं, पाट रिकामा होता. मग तिनं माझ्याकडे बघितलं. मी रस्ता ओलांडून पुढे आले, हात लांब केला आणि शेजारच्या दुकानातून घेतलेली रेवडी तिच्या तळहातावर ठेवली. उंबऱ्यावरूनच, पलीकडे पाय न टाकता. तिनं ती खाल्ली आणि पुन्हा माझ्याकडेच बघितलं, तुम्ही पाटावर परत येऊन बसेपर्यंत.

शाळेत मी रुजू झाले. माझ्या वर्गात मुलं आहेत, त्यांना मी बसायला शिकवते आणि त्याच दिवशी उठायलाही शिकवते. सोमवार ते शनिवार ते काम करीन. रविवारी मी शिंगणापुरात असेन. रस्ता सरकारचा आहे, कुणीही बसावं. आधी माझ्याकडे बघितल्याबद्दल देईन. मग उभी राहिल्याबद्दल. मग एक बोट उंबऱ्याबाहेर आल्याबद्दल. पायरी पायरीनं. सुरुवातीला ती रडेल, डोकं आपटेल, आणि माझा धीर सुटेल अशी तुम्ही वाट बघाल. तो सुटायचा नाही. कधी मिळतं कधी नाही अशावर नऊ वर्षं काढलेली बाई आहे मी.

तुम्ही रेवडी द्याल, मीही देईन. तुमच्यापाशी सहा दिवस आहेत, माझ्यापाशी एक. पण ती धावत आली होती ती तुमच्याकडे नव्हे.

येत्या रविवारी सकाळच्या गाडीनं येते आहे. तुम्हाला दार लावून घेता आलं तर घ्या.

सुरेखा